भिंती चढवू नका, आधी ॲक्सलची पाटी शोधा

तुम्ही लिहिलंय की घरी बांधत असलेल्या कॅम्पर ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या, आत राहता येईल अशा) सांगाड्याचं वेल्डिंग झालं, ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा आस) एका जुन्या ट्रेलरचा मिळाला, येत्या शनिवारी भिंतींचे पत्रे चढवणार. आणि नोंदणी कार्यालयात विचारलं तर म्हणाले, ‘पूर्ण करून आणा, मग बघू.’ चाकांना धक्के झेलायला पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बरे की टॉर्शन (रबरावर झेलणारा ॲक्सल), भिंती प्लायच्या की ॲल्युमिनियमच्या, हे तुमचे प्रश्न आहेत. त्यावर खाली येतो. आधी एवढंच: शनिवारी पत्रे चढवू नका.

ते ‘मग बघू’ मीही ऐकलंय. माझ्या ट्रेलरमध्ये स्टील, बॅटरी, फ्रीज कशालाच जितका पैसा लागला नाही तितका त्या दोन शब्दांना लागला.

(डिस्क्लेमर: मी इंजिनिअर नाही, हौशी वेल्डर आहे. देशागणिक नियम वेगळे असतात, त्यामुळे माझं सांगणं तुमच्याकडच्या नियमांशी ताडून बघा. ते कार्यालय कुठलं हे सांगत नाही, विचारूही नका.)

मी काही न विचारता बांधायला घेतलं नव्हतं. स्टील आणण्याआधी खिडकीवर जाऊन आलो होतो: घरी बांधलेल्या ट्रेलरला कोणते कागद लागतात, तपासणी कोणत्या टप्प्यावर होते? उत्तर तुम्हाला मिळालं तेच. यादी नाही, फॉर्म नाही, नियमाचा क्रमांकही नाही. पूर्ण करून नेला. तपासनीसाने आतलं स्वयंपाकघर, पलंग, दिवे यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने तीन गोष्टी मागितल्या: पत्रे चढवण्याआधीचे सांगाड्याचे फोटो, ड्रॉबार (ट्रेलर गाडीला जोडणारा पुढचा दांडा) जिथे पुढच्या आडव्या पाईपला मिळतो तो सांधा उघडा, आणि ॲक्सलच्या क्षमतेची पाटी. फोटो मोजकेच होते आणि तेही हौसेचे, मागे झाड आणि पुढे मी. सांधा पुढच्या पेटीखाली आणि चिकटवलेल्या फरशीखाली गेलेला. पॉलियुरेथेनने चिकटवलेला पत्रा काढून बघितलाय कधी? निघतो, पण वाकडा होऊन. पुन्हा वापरता येत नाही.

ते सगळं उघडून पुन्हा गेलो, तर खुर्चीत दुसरा माणूस. त्याला सांध्यात रसच नव्हता. त्याने कपलिंगवरचा, म्हणजे गाडीच्या हुकावर बसणाऱ्या जोडावरचा, मंजुरीचा शिक्का मागितला. पहिल्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्याच्या पुढच्या खेपेला चासी नंबर ‘चुकीच्या बाजूला’ निघाला. बरोबर बाजू कोणती, हे छापील कुठे आहे का विचारलं तर ‘सगळ्यांना माहीत असतं’. सगळ्यांना माहीत असतं तर भिंतीवर एक कागद चिकटवायला यांच्या हाताला काय झालं होतं? असो. रक्तदाब वाढतो.

खरा फटका ॲक्सलने दिला. माझ्या ॲक्सलवर पाटी नव्हती. विकणारा म्हणाला होता, दीड टन सहज घेईल. कदाचित घेतलाही असता. पण तेच लिहून मागितल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. क्षमतेचा पुरावा नाही म्हटल्यावर कार्यालयाने त्यांच्या हिशेबात बसणारा सर्वात खालचा आकडा लावला, आणि एकूण परवानगीचं वजन माझ्या रिकाम्या ट्रेलरच्या इतकं जवळ आलं की पाण्याची टाकी भरली की कोटा संपला. म्हणजे कॅम्पर आहे, पण त्यात कॅम्पिंगचं सामान ठेवायचं नाही! शेवटी पाटी असलेला नवा ॲक्सल घेतला, त्याच्या बैठकीसाठी सांगाडा पुन्हा कापला, आणि पत्रे दुसऱ्यांदा विकत घेतले.

म्हणून तुमच्या जुन्या ॲक्सलचं ऐकलं आणि धस्स झालं. ट्रेलरचं परवानगीचं वजन ॲक्सल, कपलिंग, रिम आणि टायर यांच्यातला सर्वात कमजोर ठरवतो. वर तुमची गाडी किती ओढू शकते हा आकडा आहेच. पाईप तुम्ही कितीही जाड लावा, त्याने कागदावरचा आकडा वाढत नाही, उलट जाडीने रिकामं वजन मात्र वाढतं. टायरचं सोपं आहे, बाजूवर भारांक असतो: १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, ११२ म्हणजे ११२०. कपलिंगवर आकडे ठोकलेले असतात. गोची ॲक्सलची होते, कारण जुन्या ॲक्सलची पाटी गंजते, गळते किंवा कुणीतरी त्यावरून रंग फासलेला असतो.

आता वजन. तुमचं ‘साडेसातशेच्या आत बसवणार’ हे मी गांभीर्याने घेत नाही, राग मानू नका. ७५० किलोची रेष मोहक आहे हे मान्य. युरोपात तिथपर्यंत ट्रेलरला ब्रेक सक्तीचा नाही, ऑस्ट्रेलियातही रेष तिथेच आहे. पण ते एकूण वजन आहे, भरलेल्या ट्रेलरचं. ५० बाय ५० बाय ३ मिमीचा चौकोनी पाईप मीटरला साधारण सव्वाचार किलो भरतो. तीस मीटर लागला की सव्वाशेच्या वर. १२ मिमीचा बर्च प्लाय चौरस मीटरला आठ किलोच्या आसपास; पंधरा चौरस मीटर धरा, आणखी १२०. ऐंशी लिटर पाणी म्हणजे ऐंशी किलो, त्यात घासाघीस नाही. स्टेपनीसकट तीन जाड चाकं. अजून ॲक्सल, कपलिंग, फ्रीज, गादी, गॅस, बॅटरी काहीच धरलेलं नाही. खडकाळ रस्त्यावर टिकेल असा कॅम्पर या रेषेच्या आत ठेवणारे लोक आहेत, पण ते दाढीचा ब्रशसुद्धा तोलून घेतात. तुमच्या फोटोतला सांगाडा तसा दिसत नाही. ब्रेक लावायचे हे आत्ताच ठरवा, कारण ब्रेक बसवायची सोय असलेला ॲक्सल आणि नसलेला ॲक्सल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. डोंगरउतारावर मला ब्रेकशिवाय हजार किलो मागे नकोच, नियम काहीही म्हणो.

कार्यालयाचं काय करायचं? खिडकीवर जाऊ नका, लिहून विचारा. ईमेल करा, प्रश्नांना क्रमांक द्या: तपासणी उघड्या सांगाड्याची की तयार ट्रेलरची, ॲक्सल, कपलिंग, दिवे यांच्यावर कोणते शिक्के चालतात, चासी नंबर कोण देतं आणि कुठे ठोकायचा, वेल्डरचं प्रमाणपत्र लागतं का, वजन कुठल्या काट्यावरचं चालेल. उत्तर आलं तर ते छापून फाइलला लावा. नाही आलं तर तुम्ही विचारलं होतं याचा तारखेसकट पुरावा राहतो, आणि खुर्चीतला माणूस बदलला की तोच कामाला येतो. त्याहून उत्तम म्हणजे परवाना असलेला स्वतंत्र तपासनीस मिळत असेल तर त्याला उघडा सांगाडा दाखवून सही घेणं. त्याची फी दिली की पोटात गोळा येतो, पण दुसऱ्यांदा पत्रे घ्यायच्या मानाने ती चिल्लर आहे.

प्रत्येक सांध्याचा फोटो घ्या, प्रायमर मारण्याआधी, शेजारी मेजरिंग टेप धरून. स्टीलची बिलं जपा. चासी नंबर खोल ठोका, कारण पुढे जस्ताचा मुलामा दिलात तर उथळ अक्षरं भरून जातात. मुलाम्याचा विषय निघालाच आहे तर: बंद पाईपला दोन्ही टोकांना भोकं पाडल्याशिवाय सांगाडा तिकडे पाठवू नका. जस्ताची कढई ४५० अंशांच्या आसपास तापलेली असते आणि आत कोंडलेल्या हवेने किंवा ओलाव्याने पाईप फुटू शकतो. चांगला कारखाना स्वतःच परत पाठवतो.

पाटे की टॉर्शन? मी पाट्यांच्या बाजूचा, हे माझं वैयक्तिक मत. टॉर्शन ॲक्सलमध्ये रबराच्या दोऱ्या चौकोनी नळीत दाबलेल्या असतात; सुटसुटीत, ग्रीस नको, कुरकुर नाही. पण रबर थकलं किंवा हात वाकला तर रानात काहीही करता येत नाही, अख्खा ॲक्सल बदलायचा. पाटा तुटला तर लाकडाचा ठोकळा आणि साखळीवर गावापर्यंत येता येतं. स्वतंत्र हात, कॉइल आणि शॉकॲब्सॉर्बर ही व्यवस्था दोन्हींपेक्षा सरस आहे, पण तिची बैठक अचूक जुळवणं घरच्या गॅरेजात अवघड. चाकं जराशी तिरपी लागली की टायर खाल्ले. काहीही घ्या, चाकांचे बोल्ट गाडीशी जुळतील आणि टायरचा आकार एकच राहील असं बघा, म्हणजे दोन्हींची स्टेपनी एकमेकांना चालते. ही गोष्ट आत्ता, ॲक्सल बदलायची वेळ आहे तोवरच साधता येते.

तुमच्या तिसऱ्या फोटोतलं एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ड्रॉबारच्या पाईपवर आडवा, या कडेपासून त्या कडेपर्यंत वेल्ड घातलाय. तडा नेमका तिथून सुरू होतो, कारण खड्ड्यांत सगळा पीळ आणि वाक ड्रॉबार सांगाड्याखाली शिरतो त्या जागी येतो. वेल्ड पाईपच्या लांबीच्या दिशेने घाला, जोडपट्टीची टोकं निमुळती करा, आणि आडवं टोक मोकळं सोडा. ड्रॉबार निदान एखाद्या प्रमाणित वेल्डरकडून पुन्हा बघून घ्या. बाकीचा सांगाडा तुटला तर गैरसोय होते, हा तुटला तर ट्रेलर दुसऱ्याच्या अंगावर जातो.

ॲक्सलची जागा कायमची पक्की करण्याआधी ट्रेलर भरल्यासारखा भरा, पाण्याचे कॅन, वाळूची पोती, काहीही चालेल, आणि कपलिंगखाली वजनकाटा ठेवून बघा. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार पुढे हवा. युरोपात कमी धरतात, कारण तिथल्या बऱ्याच हुकांची मर्यादाच ७५ ते १०० किलो असते. तुमच्या हुकावरचा आकडा बघा. मागे जड ट्रेलर वेगात डोलायला लागतो आणि गाडीलाही डोलवतो. पाण्याची टाकी ॲक्सलच्या डोक्यावर घ्या, म्हणजे ती भरली काय, रिकामी काय, तोल फारसा बदलत नाही. तुमच्या आराखड्यात ती मागच्या बंपरपाशी आहे. हलवा.

भिंतींसाठी मी ॲल्युमिनियमचा पातळ सँडविच पत्रा आणि मागे फोम घेईन. स्टीलच्या सांगाड्याला ॲल्युमिनियम थेट टेकवू नका, मध्ये टेप किंवा सीलंट हवं, नाहीतर ओल लागली की ॲल्युमिनियम पांढरं पडून खात जातं. दारांना पोकळ रबरी सील लावा. तरी धूळ येणारच, कारण चालत्या ट्रेलरच्या मागे हवेचा दाब कमी पडतो आणि प्रत्येक फटीतून ती आत ओढली जाते. छताला पुढच्या बाजूला गाळणीचा झरोका ठेवला की आत थोडा दाब राहतो आणि बराच फरक पडतो. गॅस हवेपेक्षा जड असतो, तेव्हा सिलिंडरच्या पेटीला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावा, तो काही महाग नसतो. लिथियम बॅटरी घेणार असाल तर शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, हे थंड प्रदेशात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. आणि ओढा ओलांडण्याआधी हब (चाकाचा मधला, बेअरिंगचा भाग) थंड होऊ द्या. गरम हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं, मग बेअरिंगची वाट लागते.

शनिवारी काय करायचं, तर तारेचा ब्रश घ्या आणि ॲक्सलच्या मधल्या भागावरचा रंग खरवडा, विशेषतः मागची बाजू. पाटी बहुधा तिथेच रिव्हेट केलेली किंवा स्टिकर लावलेली असते. काही नाही निघालं तर हबची आतली बाजू आणि बेअरिंगवरचे क्रमांक बघा. बनवणारी कंपनी कळली तर तिच्याकडून लेखी क्षमता मागता येते. जे निघेल त्याचा फोटो इथे टाका, सोबत टायरच्या बाजूचा आणि कपलिंगवरच्या आकड्यांचाही. रात्री उशिरा का होईना, बघतो.