ठाण्यातल्या छोट्या स्किट ग्रुपला अनुदान मिळतं का?

तुमचा प्रश्न असा: कळव्यात नऊ जणांचा विनोदी स्किटचा ग्रुप आहे, दोन वर्षं प्रयोग चाललेत, नोंदणी नाही, तर सरकारी अनुदान मिळेल का? आज नाही मिळणार. पण नोंदणीला या महिन्यातच हात घाला, कारण पुढचं सगळं त्या तारखेपासून मोजलं जातं.

केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कार्यक्रम आणि नाट्यनिर्मितीसाठी योजना आहे. साधारण ५ लाखांपर्यंत मदत मिळते, मात्र संस्था किमान तीन वर्षं नोंदलेली हवी. पूर्ण खर्च ते देत नाहीत, आणि शेवटचा हप्ता प्रयोग झाल्यावर, सीएचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) जोडलं की येतो. त्यामुळे थोडे पैसे आधी आपल्या खिशातून घालायची तयारी लागते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला सात सभासद पुरतात. ते काम ठाण्यातच धर्मादाय कार्यालयात होतं. संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, उद्देश लिहिताना 'सांस्कृतिक कार्य' एवढ्यावर भागवू नका. नाट्यप्रयोग, प्रहसन, प्रशिक्षण असं स्पष्ट लिहा. मग पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं आणि नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या पोर्टलवर नोंद.

खरी परीक्षा हिशेबाची. आमच्या ग्रुपचा पहिला अर्ज तिथेच अडला. ऑडिटसाठी फाइल उघडली, तर टेम्पोवाल्याच्या चिठ्ठीवर तारीख नव्हती, लाइटवाल्याचं बिल संस्थेऐवजी आमच्या दिग्दर्शकाच्या नावावर होतं, आणि कपडेपटाच्या दुकानातल्या त्या गुळगुळीत कागदाच्या पावत्या चक्क कोऱ्या झाल्या होत्या. अक्षरं उडून गेली होती. पैसे खरोखर खर्च झाले होते, पण दाखवायला काही नव्हतं, आणि आमचं एक वर्ष गेलं. आता पावती हातात पडली की तिथल्या तिथे फोटो, घरी आल्यावर झेरॉक्स, आणि शक्य तिथे पैसे थेट संस्थेच्या खात्यातून. तुम्ही नोंदणीच्या आधीपासूनच ही सवय लावून घ्या.

अर्जात 'स्टँडअपसारखं काहीतरी' असं मात्र लिहू नका. तमाशातली बतावणी म्हणजे छोटं विनोदी नाट्यच की! तुमच्या स्किटचं तिच्याशी खरंच नातं असेल तर ते नीट मांडा, एखादा प्रवेश सोबत जोडा. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून (नाटकांच्या संहिता तपासणारं राज्य सरकारचं मंडळ) संहितेला मिळालेली प्रमाणपत्रंही जपून ठेवा. तुम्ही सातत्याने काम करताय याचा तो पुरावा असतो.

तोवर बेंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे बघा. तिथे व्यक्तीलाही अनुदान मिळतं आणि प्रस्ताव मराठीत चालतो. नेहमीच्या प्रयोगांच्या खर्चाला मात्र तिथे विचारू नका. तुमच्यातल्या लेखकाला विनोदाच्या एखाद्या जुन्या प्रकारावर मनापासून शोध घ्यायचा असेल, तर अर्ज त्याच्या नावाने करा.