कोपरखैरण्याच्या धारण तलावात गळाला लागलेला मिशीवाला मासा कोणता आणि तो खावा का?

तुम्ही लिहिलंय की मासा काळपट आहे, खवले नाहीत, अंग बुळबुळीत, तोंडाभोवती आठ मिशा, वजन तीन किलोच्या वर आणि कोरड्या बादलीतही तो कितीतरी वेळ जिवंत होता. पाठीवरचा पर डोक्यामागून निघून शेपटीपर्यंत सलग गेलाय का ते बघा. गेला असेल तर तो मांगूर. आणि तीन किलोचा म्हणजे आफ्रिकन मांगूर, कारण आपला देशी एवढा वाढत नाही. खात्री करायची तर डोक्यावरून बोट मागे न्या. कवटीचं हाड जिथे संपतं तिथे देशीला एकच टोक लागतं, आफ्रिकनची कडा इंग्रजी एमसारखी असते. शिंगी या दुसऱ्या माशालाही मिशा असतात, पण तिचा पाठीवरचा पर अगदी छोटा असतो, त्यामुळे ती नाही.

खाऊ नका.

आफ्रिकन मांगुरावर केंद्राने 2000 सालीच बंदी घातली आणि 2019 मध्ये हरित लवादाने ती कडक राबवायला सांगितली. तळ्यातले बाकीचे मासे तो फस्त करतो आणि पाळणारे त्याला कत्तलखान्यातलं सडकं मांस घालतात, म्हणून. पण माझा 'नाही' बंदीसाठी नाहीच. तो पाण्यासाठी आहे. धारण तलाव कशाला बांधलेत? भरतीला झडपा बंद करून शहराचं पावसाचं पाणी अडवायचं आणि ओहोटी लागली की खाडीत सोडायचं. म्हणजे रस्ते, गटारं, गॅरेजं धुऊन येणारं सगळं आधी तिथे थांबतं आणि तळाला बसतं. मांगूर तळातच चरतो.

हे एवढं तळमळून लिहितेय कारण आमच्या घरात यावरून जुनं भांडण आहे. माझ्या ताईचे यजमान, आमचे भावोजी, एका पावसाळ्यात महाप्याकडच्या नाल्यालगतच्या डबक्यातून असेच दोन मांगूर घेऊन आले. ताईला मळमळत होतं म्हणून साफ करायला मी बसले. राखेने बुळबुळ काढली, पोट चिरलं आणि मोरीभर वास सुटला, रॉकेल आणि सांडपाणी एकत्र केल्यासारखा. आत पिवळीधमक चरबी, कोंबडीची पिसं आणि गुटख्याच्या पुडीचा चकचकीत तुकडा. मी पाटा-विळी बाजूला सारली आणि म्हटलं, हे शिजवायचं नाही. भावोजी म्हणाले, "मीठ-हळद लावून ठेव, कडक तेलात सोड, त्यात काय जिवंत राहतंय?" शेवटी त्यांनी स्वतःच तळलं आणि खाल्लं. दुसऱ्या दिवशी ठणठणीत. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक जत्रेत तेच ऐकवतात: "मी खाल्ला, मला काय झालं?"

भावोजी, तेलात जंतू मरतात. शिसं, पारा, कॅडमियम मरत नाही, ते जिवंत नसतंच. मीठ-हळदीने जात नाही, उकळून जात नाही. खाल्लेल्या रात्री पोटही दुखत नाही. ते अंगात साठत जातं आणि सगळ्यात आधी गर्भातल्या नि लहान मुलांच्या मेंदूला बाधतं. ताईला त्या वेळी दिवस गेले होते. मी विळी उगाच बाजूला सारली नव्हती.

आणि मी काही गोड्या पाण्यातल्या मासळीला नाक मुरडणाऱ्यांतली नाही. आमची आगरी मंडळी वलगणीची वाट बघणारी. पहिला दणक्याचा पाऊस पडला की मासे ओढ्याने चढून भातखाचरात यायचे, बाबा रात्री बत्ती घेऊन जायचे आणि टोपलीत देशी मांगूर, शिंगी, मरळ वळवळत असायची. शिंगीचा काटा लागला तर आजी हात सोसेल एवढ्या गरम पाण्यात बुडवायला लावायची, ठणका उतरायचा. तिचं एकच म्हणणं, "आदी पानी बघ, मंग म्हावरा." चिंच-कोकम घालून केलेलं देशी मांगुराचं कालवण ज्यांनी खाल्लंय त्यांनी मला सुरमईचं कौतुक सांगू नये. पण ती खाचरं गेली. त्याच जागी आज जे पाणी साचतं त्यातला मासा त्याच विश्वासाने खायचा, हे मला पटत नाही. जुनी माणसं खायची, हा भावोजींचा दुसरा मुद्दा. जुनी माणसं त्या पाण्यात भांडी घासायची, तुम्ही घासाल का?

आता राहिलेलं. मासा मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तुमच्या वर्णनावर बोलतेय. तो एखाद्या चांगल्या धरणातला किंवा गावतळ्यातला देशी मांगूर असता तर खुशाल खा म्हटलं असतं. कोणताही गोड्या पाण्यातला मासा साफ करताना पित्त फुटू देऊ नका, आणि रोहूचं पित्त मधुमेहावर औषध म्हणून कच्चं गिळायला कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, त्याने मूत्रपिंडं निकामी होतात. खाडीच्या बाजूला पोट फुगवणारा केंड गळाला लागला तर तो मात्र खरोखर विषारी, शिजवूनही विष जात नाही.

तुमचा मांगूर अजून जिवंत असेल तर दया येऊन परत तळ्यात सोडू नका, दुसऱ्या तळ्यात तर नाहीच. मारून खोल पुरा, कुत्र्या-मांजरांना घालू नका. आणि घरात कोणी "तळलं की सगळं जातं" म्हणालं तर त्यांना पोट चिरायला बसवा.