अ‍ॅथलेटिक्स बघायला सुरुवात करताय?

शंभर मीटरपासून सुरुवात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा सेकंदांत सगळं आटोपतं आणि नवख्या नजरेला फक्त निकाल दिसतो. आठशे मीटर बघा. पहिलं वळण संपेपर्यंत प्रत्येक जण आपापल्या लेनमध्ये असतो, मग सगळे आतल्या कडेकडे सरकतात आणि खरी झुंज सुरू होते. कोण घोळक्यात अडकलंय, वळणावर बाहेरून कोण जास्तीचं अंतर पळतंय, शेवटच्या दोनशे मीटरला कोणाचे खांदे आखडून वर चढतायत, हे टिपत राहा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची अंतिम शर्यत जरूर शोधून बघा. केनियाचा डेव्हिड रुडिशा जवळपास सुरुवातीपासून पुढे होता, वेळ १ मिनिट ४०.९१ सेकंद, विश्वविक्रम! आणि त्याच्या मागे सगळेच असे जीव तोडून पळाले, की शेवटच्या, आठव्या धावपटूच्या वेळेला आधीच्या तिन्ही ऑलिंपिकमध्ये सुवर्ण मिळालं असतं. मी ती शर्यत अजूनही पुन्हा पुन्हा बघतो.

मैदानी प्रकारांत, म्हणजे उड्या आणि फेकींमध्ये, उंच उडी आधी घ्या. सलग तीनदा चुकलं की स्पर्धक बाहेर. बरोबरी झाली तर आधीचे फसलेले प्रयत्न मोजतात, त्यामुळे पहिल्याच प्रयत्नात आडवी दांडी ओलांडणं फार मोलाचं ठरतं. वळण घेत धावताना शेवटच्या काही पावलांत शरीर वळणाच्या आतल्या बाजूला कसं झुकतं, तिथेच नजर ठेवा.