फ्लेअरचं (मदतीची पानं बनवायचं सॉफ्टवेअर) आउटपुट लॅपटॉपवर नीट, एस-थ्रीवर (ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएसची ऑनलाइन साठवण) टाकलं की चित्रं आणि काही लिंका तुटतात, जुनी पानंही दिसत राहतात. काय करावं?

तुमची चित्रं आणि काही लिंकाच तुटतात, बाकीची पानं उघडतात, म्हणजे आधी फाइलींच्या नावांतली कॅपिटल-स्मॉल अक्षरं बघा. विंडोजला Setup आणि setup सारखंच, म्हणून घरच्या मशीनवर चूक दिसत नाही. एस-थ्रीला ही दोन वेगळी नावं आहेत. मागे माझ्याकडे लोगोची फाइल कॅपिटल एलची होती आणि पानात लिंक स्मॉल एलची. अर्धा दिवस त्यात गेला. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, ४०४ (फाइल सापडली नाही) किंवा ४०३ (परवानगी नाही) आलेली नावं अक्षर-अक्षर ताडून पाहा. एकेक नाव हाताने सुधारत बसू नका, फ्लेअरच्या टार्गेटच्या (आउटपुट कसं हवं ते ठरवणारी फाइल) सेटिंगमध्येच फाइलींची नावं लोअरकेस, म्हणजे स्मॉल अक्षरांत करून आउटपुट पुन्हा बिल्ड करा.

जुनी पानं दिसत राहतात त्याची कारणं दोन. नुसतं अपलोड केलं तर बकेटमधल्या (एस-थ्रीवरची तुमची साठवणीची जागा) रद्द झालेल्या फाइली तशाच राहतात. एडब्ल्यूएसची सिंक कमांड (फोल्डर आणि बकेट जुळवणारी) डिलीट पर्यायासह चालवा, पण त्याआधी ड्रायरन, म्हणजे काहीही न बदलता चाचणी, नक्की करा! फोल्डर चुकीचं दिलंत तर अख्खी साइट पुसली जाईल. दुसरं, बकेटपुढे क्लाउडफ्रंट (पानांच्या प्रती ठेवून ती लवकर पोचवणारी एडब्ल्यूएसची सेवा) असेल तर त्याची कॅश इनव्हॅलिडेट करावी लागते, म्हणजे साठवलेल्या जुन्या प्रती रद्द कराव्या लागतात. महिन्याला असे १००० पाथ (फाइलींचे पत्ते) फुकट रद्द करता येतात आणि शेवटी तारा (*) लावलेला पाथ एकच धरला जातो, तेव्हा खर्चाची काळजी नको.