गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना पुन्हा पुन्हा इन्फेक्शन होतंय. गोळ्या बंद करू का?

तुम्ही लिहिलंय की गोळ्या सुरू करून आठ महिने झाले आणि तेवढ्यात चौथ्यांदा खाज, जळजळ आणि अंगावरून पांढरं जाणं सुरू झालंय. दर वेळी मेडिकलमधून खाजेवरची तीच एक गोळी आणता, आठ-दहा दिवस बरे जातात, मग परत तेच. आता अर्धं पाकीट शिल्लक असताना गोळ्या सोडून द्यायचा विचार आहे.

पाकीट मध्येच सोडू नका. मी डॉक्टर नाही, पण हा मूर्खपणा करून बसलेली बाई आहे. वैतागून एका रात्री मी उरलेल्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. तीन दिवसांनी अवेळी रक्तस्राव सुरू झाला, पुढचा महिना दिवस राहिले की काय या धास्तीत गेला, आणि खाज जागच्या जागीच. पाकिटाच्या पहिल्या आठवड्यात गोळ्या सोडल्या तर आधीच्या काही दिवसांतल्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो, हे मला नंतर कळलं. गोळी बदलायचीच असेल तर दुसरं काय घेणार हे ठरवून, डॉक्टरांना विचारून बदला.

आता दोष गोळीचा आहे का? थोडा असू शकतो. नेहमीच्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन असतात. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या आतल्या पेशींमध्ये ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीतली साखर, वाढतं. तिथल्या चांगल्या जिवाणूंना ते हवंच असतं, पण कॅंडिडा नावाच्या बुरशीलाही ते वातावरण मानवतं. म्हणून तर गरोदरपणात हा त्रास वाढतो, आणि पाळी सुरू होण्याआधी किंवा कायमची गेल्यावर सहसा दिसत नाही. पण १९६० साली अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होतं. आजच्या बहुतेक गोळ्यांत ते २० ते ३५ असतं. जुन्या, जास्त डोसच्या गोळ्यांचा बुरशीशी संबंध बऱ्यापैकी दिसला होता. आताच्या गोळ्यांबाबत काही अभ्यासांत तो दिसतो, काहींत नाही. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या एका इन्फेक्शनचं (बीव्ही, त्याबद्दल पुढे सांगते) प्रमाण गोळी घेणाऱ्या बायकांत उलट कमी आढळतं. म्हणून ‘गोळीमुळे होतंय का’ याच्या आधी ‘नक्की काय होतंय’ हे विचारायला हवं. मला हा प्रश्न सुचायला दीड वर्ष लागलं.

बुरशीचं इन्फेक्शन असेल तर मुख्य तक्रार खाजेची. स्राव घट्ट, दह्याच्या गाठींसारखा, वास जवळपास नाही, बाहेरची त्वचा लाल, लघवी करताना बाहेरून चरचरतं. जिवाणूंचा तोल बिघडून होतो तो प्रकार निराळा, त्याला डॉक्टर बीव्ही (बॅक्टेरियल व्हजायनोसिस) म्हणतात. त्यात स्राव पातळ, राखाडीसर, आणि माशांसारखा वास, जो संबंधानंतर जास्त जाणवतो. खाज फारशी नसते. तिसरा ट्रायकोमोनास, हा लैंगिक संबंधातून येतो. त्यात पिवळसर-हिरवट स्राव होऊ शकतो आणि जोडीदारालाही औषध घ्यावंच लागतं. शिवाय काही वेळा इन्फेक्शन नसतंच. साबणाची किंवा सुगंधी पॅडची ॲलर्जी असते, त्वचेचा आजार असतो, किंवा चांगलेच जिवाणू प्रमाणाबाहेर वाढून जळजळ होते.

वाचताना हे सगळं वेगवेगळं वाटतं, पण प्रत्यक्षात रात्री दोन वाजता खाजवत बसलेलं असताना काही कळत नाही. एका अभ्यासात, यीस्टच (म्हणजे ही बुरशीच) आहे अशा खात्रीने स्वतःहून औषध घेतलेल्या बायकांची तपासणी केली, तर जेमतेम एक तृतीयांश जणींना फक्त यीस्ट निघालं. माझंही तसंच. दोन वर्षांत सहा वेळा मी बुरशीची गोळी घेतली. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने आतला नमुना, घेतला तेव्हा निघालं बीव्ही. त्यावर बुरशीच्या गोळीचा काडीचाही उपयोग नसतो, त्याला मेट्रोनिडाझोलसारखं औषध लागतं, साधारण सात दिवस. मग मी जुन्या नोंदी काढल्या (मला पाळीच्या तारखांसोबत काहीबाही लिहायची सवय आहे). पहिल्या तीन वेळा नुसती खाज लिहिलेली, ती पाळीच्या आधीच्या आठवड्यात. नंतरच्या वेळी ‘वास’ हा शब्द. म्हणजे दुखणं मध्येच बदललं होतं आणि मी मात्र जुनंच औषध गिळत होते.

म्हणून एकदा तरी लक्षणं चालू असतानाच तपासून घ्या. योनीतल्या आम्लतेची पट्टी, सूक्ष्मदर्शकाखाली नमुना, आणि पुन्हा पुन्हा होत असेल तर कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघणं. कल्चरमध्ये बुरशीची नेमकी जात सांगा, असं आवर्जून म्हणा. बहुतेकींना कॅंडिडा अल्बिकान्स असते आणि ती फ्लुकोनाझोल या बुरशीच्या नेहमीच्या गोळीला दबते. ग्लाब्राटा नावाची जात त्याला सहज दबत नाही, आणि त्यासाठी योनीत ठेवायच्या बोरिक ॲसिडच्या कॅप्सूल देतात. त्या पोटात घेतल्या तर विष आहेत आणि गरोदरपणात चालत नाहीत. तेव्हा इंटरनेटवर वाचून स्वतः मागवायची ही वस्तू नाही.

खरंच बुरशी असेल आणि वर्षात तीन किंवा जास्त वेळा झाली असेल, तर तिला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात आणि उपचारही वेगळा असतो. एकच गोळी खाऊन सोडायचं नाही. सहसा फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम तीन दिवसांच्या अंतराने तीनदा, आणि त्यानंतर आठवड्याला एक, असं सहा महिने. तुमच्या ‘आठ-दहा दिवस बरं, परत तेच’ या तक्रारीचं एक कारण इथे असू शकतं: बुरशी दबते, जात नाही. सहा महिन्यांनंतरही बऱ्याच जणींना ती परत गाठते, हे आधीच माहीत असलेलं बरं. फ्लुकोनाझोल गरोदरपणात टाळतात आणि इतर काही औषधांशी तिचं जमत नाही, त्यामुळे आणखी काय घेता ते डॉक्टरांना सांगा. सोबत साखरेची तपासणीही करून घ्या. मधुमेहात, आणि लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्यांमुळे, हा त्रास वाढतो. मध्ये सर्दी-खोकल्याला ॲन्टिबायोटिक घेतलं होतं का, तेही आठवून बघा.

या औषधांनी गर्भनिरोधक गोळी निकामी होते का, ही भीती मलाही होती. फ्लुकोनाझोल किंवा मेट्रोनिडाझोलने होत नाही. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन आणि नायट्यावर देतात ते ग्रिसिओफुल्विन मात्र तिचा परिणाम कमी करतात. मेट्रोनिडाझोलने मळमळून गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली, तर ती गोळी पोटात गेलीच नाही असं समजून आणखी एक घ्या. आणि एक सहसा कुणी सांगत नाही: योनीत लावायची बरीचशी क्रीम आणि आत ठेवायच्या गोळ्या तेलकट असतात. त्यांनी लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो. उपचार चालू असताना फक्त कंडोमवर विसंबू नका.

घरगुती उपायांबद्दल माझं मत कडक आहे. आत काहीही घालू नका. दही नाही, लसूण नाही, टी ट्री तेल नाही. मी दही करून बघितलंय. थंड वाटतं, बस. आतून धुणं तर पूर्ण बंद. योनी स्वतःला स्वच्छ ठेवते, आणि ‘पीएच बॅलन्स’ लिहिलेल्या सुगंधी वॉशची तिला काही गरज नाही. बाहेरून साधं पाणी पुरे. मेडिकलमध्ये स्टेरॉइड, ॲन्टिबायोटिक आणि बुरशीचं औषध असं सगळं एकत्र असलेली क्रीम मिळते. तिने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून तर ती फसवते. अशी क्रीम लांबच ठेवा.

जोडीदारालाही औषध लागतं का, असं विचारलंत. बुरशीसाठी, त्याला स्वतःला त्रास नसेल तर, औषध लागत नाही. ट्रायकोमोनाससाठी लागतंच. बीव्हीसाठी लागत नाही असंच आधी सांगत. पण २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. त्यात एकनिष्ठ जोड्यांमधल्या पुरुषालाही गोळ्या आणि लावायचं क्रीम दिलं, तेव्हा बारा आठवड्यांत ३५ टक्के बायकांना बीव्ही परत झालं. पुरुषांना औषध न दिलेल्या गटात ६३ टक्के. माझ्या नवऱ्याला हे वाचून दाखवलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

पुढे माझं काय झालं? बीव्ही गेलं. चार महिन्यांनी खरी बुरशी आली, कल्चरमध्ये साधी अल्बिकान्स. सहा महिन्यांचा कोर्स केला, आणि दरम्यान डॉक्टरांनी इस्ट्रोजेन नसलेली, फक्त प्रोजेस्टिनची गोळी दिली. त्यानंतर दीड वर्षात एकदाच झालं. गोळी बदलल्याने की कोर्समुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वासही ठेवणार नाही. नव्या गोळीने पाळी बेभरवशाची झाली, ते मी चालवून घेते. तुम्हाला ते चालेल का, हे तुमचं तुम्हीच ठरवायचं.

ताप, ओटीपोटात दुखणं, फोड किंवा जखमा, मध्येच रक्त जाणं, यातलं काही असेल किंवा दिवस राहिल्याची शंका असेल, तर वाट न बघता जा. नाहीतर याच खेपेला, खाज चालू असतानाच वेळ घ्या. आधीचे दोन-तीन दिवस आत औषध ठेवू नका, नाहीतर स्वॅबमध्ये काही सापडायचं नाही. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. लाज वाटते म्हणालात ना, तर मी केलं ते करा: चार वेळांच्या तारखा, कधी खाज, कधी वास, कोणतं औषध, असं कागदावर लिहून तो कागदच टेबलावर ठेवा. मला तोंड उघडावंच लागलं नाही, त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "चला, आत या, बघूया."