‘फॉर्म्युला वन’मधलं सूत्र कसलं?

प्रश्न असा आलाय : ‘फॉर्म्युला वन’ला मराठीत ‘सूत्र एक’ म्हणावं का? आणि मोटारींच्या शर्यतीत हे सूत्र आलं कुठून?

म्हणायला कुणी अडवणार नाही, पण ऐकणाऱ्याला ‘अ अधिक ब कंसाचा वर्ग’ आठवेल. पाणिनीच्या सूत्रांकडे बघितलं तर सूत्र म्हणजे नियमच, हे खरं. पण रोजच्या बोलण्यात तो अर्थ आता उरलेला नाही. त्यापेक्षा ‘जागावाटपाचा फॉर्म्युला ठरला’ ही आपल्या वर्तमानपत्रांतली बातमी घ्या. तोच अर्थ इथे आहे : सगळ्यांनी मान्य केलेल्या अटी. दुसऱ्या महायुद्धानंतर ठरलं की इंजिनाला सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) असेल तर ते १.५ लिटरपर्यंत, नसेल तर ४.५ लिटरपर्यंत. या अटीत बसणारी गाडी फॉर्म्युला वनची. १९५० मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला जागतिक अजिंक्यपदाची पहिली शर्यत झाली, ती फारिना या ड्रायव्हरने जिंकली. त्याच्या अल्फा रोमिओचं इंजिन दीड लिटरचंच होतं!

गंमत म्हणजे आपला ‘शर्यत’ हा शब्दही अरबी ‘शर्त’वरून आलेला. शर्त म्हणजे अट, अटीवरून पैज आणि पैजेवरून धावाधाव. प्रयत्नांची ‘शर्थ’ही त्याच घरातली. म्हणजे दोन्ही शब्दांच्या पोटात अटच.

आणि अट आली की पळवाट आलीच. (हा शब्द या खेळाला जितका शोभतो तितका कोर्टालाही शोभत नाही.) १९७६ मध्ये टिरेल या संघाने सहा चाकांची गाडी आणली, कारण चाकं चारच हवीत असं नियमांत कुठे म्हटलेलंच नव्हतं. स्वीडनमधल्या अँडरस्टॉर्पला ती जिंकलीसुद्धा.

त्याच ट्रॅकवर १९७८ मध्ये ब्रॅबम या संघाने कहर केला. वाऱ्याच्या दाबाचा फायदा घेण्यासाठी हलता भाग लावायला बंदी होती. गॉर्डन मरे या डिझायनरने गाडीच्या मागे भलामोठा पंखा बसवला आणि सांगितलं, हा मुख्यतः इंजिन थंड ठेवायला आहे. पंखा रेडिएटरमधून हवा ओढायचा हे खरंच. पण ती ओढायचा गाडीच्या पोटाखालून, त्यामुळे गाडी रस्त्याला चिकटायची. उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर नुसता दाबला तरी ती खाली बसलेली दिसायची. ती चालवणारा निकी लाउडा अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला, बाकीच्यांनी आरडाओरडा केला, आणि ती गाडी पुन्हा शर्यतीत उतरली नाही. जिंकलेली शर्यत मात्र काढून घेतली नाही.

तेव्हा ‘फॉर्म्युला’ तसाच राहू द्या. एकटा असेल तर ‘फॉर्म्युल्याचा’, वन जोडलं की ‘फॉर्म्युला वनचा’. ‘फॉर्म्युल्या वनचा’ मात्र लिहू नका, कानाला खटकतं.