बायोप्सीला नकार म्हणजे हट्टच का?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७२ आहे. कोणताही त्रास नसताना केलेल्या तपासणीत त्यांच्या रक्तातील पीएसए ५.८ आले. डॉक्टरांनी प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीची) बायोप्सी सुचवली, पण वडील तयार नाहीत. आम्ही आग्रह धरावा का?

उत्तर : आग्रहाआधी आकडा समजून घ्यावा. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे प्रथिन असून, कर्करोगाखेरीज वयोमानाने वाढलेली ग्रंथी किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळेही ते वाढते. ४ ते १० या पट्ट्यातील साधारण चार पुरुषांपैकी एकालाच बायोप्सीत कर्करोग आढळतो. म्हणून काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी आणि आकडा चढाच राहिल्यास आधी एमआरआय काढावा. त्यात संशयास्पद काही न दिसल्यास बायोप्सी अनेकदा टळते.

बायोप्सीत सुईने ग्रंथीचे डझनभर बारीक तुकडे घेतात. नंतर काही दिवस लघवीत रक्त दिसते, आणि याची कल्पना आधी न दिल्याने रुग्ण उगाच हादरतात. खरी चिंता गुदाशयातून सुई घातल्यास होणाऱ्या जंतुसंसर्गाची, आणि माझ्या मते त्याहूनही अधिक, आयुष्यभर त्रास न देणारा कर्करोग सापडून नको ते उपचार मागे लागण्याची. ब्रिटनमधील २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्यांपैकी सुमारे ३ टक्केच १५ वर्षांत या आजाराने दगावले. मग शस्त्रक्रिया केलेली असो, किरणोपचार असोत वा नुसती नियमित देखरेख.

तेव्हा वडिलांनीच डॉक्टरांना विचारावे, की निदान कर्करोगाचे झाले तर माझ्या बाबतीत पुढे काय बदलेल? मात्र आकडा झपाट्याने वाढत असेल किंवा हाडे सतत दुखत असतील, तर तपासणी लांबवू नये.